कोंबड्याचं टोकन

माझी थोरली जाऊ दवाखान्यात जायला तयार नव्हती. पोटात गाठ होती, ती काढायची होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, लवकर काढली तर बरं, उशीर केलात तर पुढचं मी सांगू शकत नाही. कल्याणच्या दवाखान्यात खाटही ठरली होती. आणि ही बाई पलंगावर बसून सुपारी कातरत म्हणत होती, "मी नाय जायची."

भीती वाटते म्हणावं तर ती भिणाऱ्यातली नाही. पूर्वी खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावर नाग निघाला की पुरुष मागे सरायचे आणि ही काठी घेऊन पुढे व्हायची. माझ्या मुलानं समजावलं, सुनेनं समजावलं. मी समजावत बसले नाही, मला ते जमत नाही. मी विचारलं, राणीसाहेबांना न्यायला पालखी मागवू का? ती सुपारी कातरत राहिली.

आम्ही दोघी कोपरला एकाच घरात राहतो. दोघींचे नवरे गेले. भातशेती होती, थोडं खाजण होतं, त्यावर आता बिल्डिंगी उभ्या आहेत आणि त्यातल्याच एकीत आमचा फ्लॅट आहे. तिला मूल झालं नाही. मला एक मुलगा. तो ठाण्याला ऑफिसात जातो, पन्नाशी ओलांडली त्यानं. मला तो आई म्हणतो, तिला मोठी आई म्हणतो, आणि घरात आल्यावर पहिली हाक तिला मारतो. मी चौथीपर्यंत शिकले, ती शाळेत गेलीच नाही. म्हणून घरातले कागद मी वाचते, ती ऐकते, आणि ऐकून झालं की विचारते, "नीट वाचलंस ना?"

खरं काय ते एका रविवारी बाहेर आलं. मुलानं बाजारातून चिंबोऱ्या आणल्या होत्या. मी रस्सा केला. जावेला नेहमीप्रमाणे वेगळी डाळ. तिला चिंबोरी चालत नाही, अंगाला खाज सुटते, हे मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ऐकत आले होते. आमच्या खाडीकाठी खेकडा न खाणारं माणूस म्हणजे कौतुकच. तिला त्यावरून मी किती बोलले असेन त्याला सुमार नाही. त्या दिवशीही बोलले. म्हटलं, मरायचंच ठरवलं आहेस तर एकदा चिंबोरी खाऊन मर, खाज सुटली तर सुटली.

तिनं ताट बाजूला ठेवलं.

"मना खाज नाय सुटत," ती म्हणाली.

"मग खात का नाहीस?"

"सोडलीय."

मग तिनं सांगितलं. माझा मुलगा अजून पाऊल टाकायला लागला नव्हता तेव्हा त्याला ताप चढला आणि आकडी यायला लागली. मी आणि त्याचा बाप त्याला घेऊन दवाखान्यात होतो. जाऊ तेव्हा माहेरी गेलेली होती. तिचं माहेर आंबिवलीच्या पुढे, आत, एका डोंगराच्या पायथ्याशी. त्या डोंगरावर अर्ध्या वाटेवर उंबराखाली बायचा, म्हणजे तिच्या माहेरच्या देवीचा, दगड होता. शेंदूर लावलेला, चांदीचे डोळे बसवलेला. तिला निरोप पोचला तेव्हा ती एकटी वर गेली आणि बायला बोलली: पोर वाचू दे. चालायला लागलं की त्याला हाताला धरून पायी तुझ्यापुढे आणीन आणि पांढरा कोंबडा सोडीन. तोवर चिंबोरी तोंडात घालणार नाही.

पोर वाचलं. माझ्या मते डॉक्टरच्या सुईनं वाचलं, आणि माझं मत अजून तेच आहे.

पण नवस फेडायचा राहिला. आधी आमच्या सासऱ्यांचं आणि तिच्या भावाचं एका बैलावरून वाजलं आणि दोन्ही घरांचं येणंजाणं बंद झालं. मग तिचा भाऊ गेला, घर विकलं गेलं, माहेर म्हणून काही उरलं नाही. ही सगळी कारणं तिनं सांगितली आणि मी मान हलवली, पण पटली नाहीत. इतकी वर्षं चिंबोरी सोडणारी बाई एक दिवस बस पकडून जाऊ शकली नसती का? तसं मी तिला तोंडावर विचारलं.

ती ताटाकडे बघत म्हणाली, "वांझेनं दुसरीच्या पोराचा नवस बोलला, म्हणजे हिचा डोला त्याच्यावर हाय, असं बोलली असती सासू. तू पण बोलली असतीस."

"मला सांगायचं होतंस. मी काय तुला खाल्लं असतं?"

"तवा खाल्लं असतंस."

त्या वयात माझी जीभ कशी होती ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

आता ही गाठ. तिच्या हिशेबानं ती गाठ न फेडलेल्या नवसाचीच होती, दुसऱ्या कशाची नव्हतीच. आणि बोललेलं फेडल्याशिवाय टेबलावर झोपले तर उठणार नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आधी डोंगर, मग दवाखाना. मी म्हटलं, डॉक्टरला तसं सांगते, आधी कोंबडा आहे, मग तुम्ही.

मुलगा रात्री जेवायला बसला तेव्हा त्याला सांगितलं. तोही या गोष्टी मानणारा नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हात धुतले, गॅलरीत जाऊन बराच वेळ उभा राहिला. आत येऊन तिला एवढंच म्हणाला, "मोठी आई, शनिवारी जाऊ."

कोंबडा मिळवणं माझ्याकडे आलं. तुम्हाला वाटेल पांढऱ्या कोंबड्याला काय तोटा. दुकानात पिंजरे भरलेले असतात. एक आणला. जावेनं त्याला जमिनीवर ठेवला तर तो ठेवला तिथंच बसला. ती म्हणाली, हा काय सुटणार, याला तर उचलून न्यावा लागेल. परत दिला. शेवटी मासळीवालीला सांगितलं, तिनं तिच्या गावाहून गावठी आणून दिला. पांढरा, लाल तुऱ्याचा, डोळ्यात राग. एक रात्र न्हाणीघरात बांधला होता तर पहाटे ओरडून त्यानं सगळी बिल्डिंग जागी केली. सोसायटीचा माणूस विचारायला आला. मी म्हटलं, अलार्म आहे.

सून शिक्षिका आहे, शनिवारी तिची शाळा होती, म्हणून आम्ही तिघंच निघालो. जावेनं नवं लुगडं नेसलं होतं. ओटीचं सामान, नारळ आणि वायरच्या पिशवीत कोंबडा. त्याचे पाय चिंधीनं बांधले होते आणि वरून टॉवेल टाकला होता. गाडीत पिशवी तिनं मांडीवर घेतली. वाटेत तिनं टॉवेलाखाली हात घालून गाठ थोडी सैल केली. मी म्हटलं, कशाला? म्हणाली, पाय दुखतील त्याचे.

गाडीत ती वाट सांगत होती. आधी करवंदीची झुडपं लागतील, मग दगडांची चढण, मग उंबर, आणि उंबराखाली बाय. मुलगा हो हो म्हणत होता. त्याच्या मोबाईलवर ती जागा दुसरीच काहीतरी दिसत असणार, कारण तो मध्ये मध्ये माझ्याकडे आरशातून बघत होता.

उतरलो तर करवंदी नव्हत्या. डांबरी पार्किंग होतं, पांढरे पट्टे मारलेलं. सिमेंटचे दोन बुरूज करून त्यात लोखंडी दरवाजा बसवला होता. आत काचेची मोठी इमारत, वर अक्षरं: माहिती केंद्र. बाजूला बाग, बागेत चौथऱ्यावर तोफ आणि तोफेवर पोरं बसलेली. एका फळीवर ढाल-तलवारवाल्या शिपायाचं चित्र काढून तोंडाच्या जागी भोक ठेवलं होतं. त्यातून एक जाडा माणूस तोंड काढून हसत होता आणि त्याची बायको फोटो काढत होती. वडापावचा वास सगळीकडे.

"ह्यो माझा डोंगर नाय," जाऊ म्हणाली.

"वर बघ ना, मोठी आई."

तिनं वर बघितलं. वरचा कातळ तोच होता, ओझं घेऊन वाकलेल्या बाईसारखा. तिनं हात जोडले.

दरवाजाशी गार्ड होता. तिकिटं बघितली, मग पिशव्या तपासायला घेतल्या. बाहेरचं खाणं नको, काडेपेटी नको, नारळ नको, असं फळीवर लिहिलेलं मी वाचलं होतं, पण कोंबड्याचं काही लिहिलेलं नव्हतं. गार्डनं वायरच्या पिशवीला हात लावला आणि पिशवी आतून बोलली.

"आजी, यात काय आहे?"

"कोंबडा," मी म्हटलं. पिशवीत कोंबडा असताना दुसरं काय सांगणार?

"जिवंत?"

"मेलेला बोलला असता का?"

तो हसला, पण आत सोडेना. आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. लोक इथे कोंबडे सोडून जायचे, मग कुत्री जमायची, कुत्र्यांच्या मागे बिबट्या यायला लागला. एकदा तो पार्किंगपर्यंत आला होता. तेव्हापासून बंदी. मुलानं त्याला बाजूला घेऊन विनंती केली, मोठी आई आजारी आहे, ऑपरेशन आहे, असं सांगितलं. गार्ड म्हणाला, साहेब, मी इथल्याच गावचा, मला कळतं, पण माझी नोकरी जाईल. नारळ आणि कोंबडा आत इमारतीत सामानाच्या काउंटरवर ठेवा आणि जाताना घेऊन जा.

काउंटरवरच्या मुलीनं पिशवी बघून हात मागे घेतला. वस्तू कोणती म्हणून लिहू, असं तिनं विचारलं. मुलगा म्हणाला, लिहा एक पिशवी. मी म्हटलं, कोंबडा लिही, नाहीतर रिकामी पिशवी परत देशील. तिनं लिहिलं आणि प्लॅस्टिकचं गोल टोकन दिलं. जावेनं ते मुलाच्या हातातून घेतलं आणि पदराच्या टोकाला बांधलं. तिचे डोळे भरले होते. रडली नाही, पण तिचं तोंड बघून मला कळलं, ही आता म्हणेल परत घरी चला, आणि घरी गेली की दवाखाना नाही.

मी म्हटलं, "पोराला तर नेशील ना वर? अर्धं तरी होऊ दे."

"अर्धा नवस कोन फेडतंय गो?"

"तू. चल."

वर जायचा रस्ता त्या इमारतीतून होता. सगळ्यांना आधी एका अंधाऱ्या खोलीत बसवत आणि सिनेमा दाखवत. एसी इतका की माझे दात वाजायला लागले. कुठले राजे, कुठल्या लढाया, या डोंगरावरचा किल्ला कुणी घेतला आणि कुणाला दिला, एक माणूस जड आवाजात सांगत होता. मग डोंगर आभाळातून दाखवला, पक्ष्याला दिसेल तसा. जाऊ पुढे झुकली. पायथ्याशी तिचं गाव असायला हवं होतं, तिथे गोडाऊनचे पत्रे चमकत होते. मग एक तळं दिसलं आणि तिनं माझा दंड धरला. त्या तळ्यात ती पोहायला शिकली होती. तळं दोन क्षणात निघून गेलं. तिनं मुलाला विचारलं, परत दाखवतील का? त्यानं सांगितलं, नाही.

पुढच्या खोलीत टेबलावर अख्खा डोंगर करून ठेवला होता. रंगवलेला, झाडं चिकटवलेली, खेळण्यासारखं छोटं पार्किंगसुद्धा. कडेला बटणं होती, बटण दाबलं की त्या जागी दिवा लागायचा. मुलानं बटणांखालचं वाचलं. टाकी, दरवाजा, धान्याचं कोठार आणि एका बटणाखाली उंबराची जागा. त्यानं ते दाबलं. चढणीच्या मध्यावर लाल दिवा लागला. जावेनं त्या दिव्याला हात जोडले.

"दिवा आहे तो," मी म्हटलं.

"मना दिसतंय. लाल हाय ना?"

बाहेर पडलो की एका बाजूला पायवाट होती, फरशा बसवलेली, कठड्याची. दुसऱ्या बाजूला बॅटरीच्या गाड्या उभ्या होत्या. म्हाताऱ्या माणसांना वर उंबरापर्यंत नेऊन सोडतात. मुलगा म्हणाला, मोठी आई, गाडीत बस, चढ आहे. ती म्हणाली, मी बोलले ते पायी बोलले. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी गाडीत जाऊन बसले. माझा काही नवस नव्हता.

गाडी हळू जाते. वळणावर मी मागे बघितलं तर ती दोघं पायवाटेनं चालत होती. पन्नाशीचा, पोट सुटलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला माझा मुलगा, आणि त्याचा हात धरून ही. ओढ ती देत होती, तो मागे होता. ती पोटावर एक हात दाबून चालत होती. समोरून उतरणारे लोक त्यांना वाट देत होते. त्यांना वाटलं असेल म्हातारीला मुलगा सांभाळून नेतोय. मी तोंड पुढे केलं आणि पदर तोंडाला लावला. माझ्या शेजारी कुणाचीतरी सून बसली होती, तिनं विचारलं, आजी, उलटी होतेय का? मी म्हटलं, नाही, वारा लागतोय.

उंबर होता. उंबराखाली दगड होता. पण शेंदूर नव्हता. दगड धुऊन काढला होता, चांगला काळा, कोरलेला. लोखंडी कठडा आणि बाजूला फळी. मी चष्मा लावून वाचली. शब्द जोडून वाचायला मला वेळ लागतो, पण तेवढा वेळ मला होता. फळीवर लिहिलं होतं, हा वीरगळ आहे. लढाईत मेलेल्या माणसाची आठवण म्हणून लोक असा दगड उभा करीत. खाली तो लढताना दाखवला आहे, मध्ये त्याला अप्सरा वर नेत आहेत, वर सूर्य आणि चंद्र आहेत, म्हणजे ते असेपर्यंत त्याचं नाव राहील. नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही, असंही लिहिलं होतं.

मी दगडाकडे बघितलं. खालच्या भागात खरंच एक पुरुष होता, हातात तलवार, डोक्याला अंबाडा. बाय नव्हतीच. इतकी वर्षं शेंदराच्या आत एक पोरगा उभा होता.

हे जावेला सांगायचं की नाही, याचा मी विचार केला. फळी ती वाचू शकत नव्हती. मुलाला डोळ्यानं खुणावलं तर तोही गप्प बसला असता. पण तिच्याशी मी कधी खोटं बोलले नाही. वाईट बोलले, खोटं नाही.

ती दोघं आली. मुलाला धाप लागली होती, तो कठड्याला धरून वाकला. जाऊ दगडासमोर उभी राहिली आणि बघत राहिली.

"ही ती नाय," ती म्हणाली. "हिचे डोले कुठं हायेत?"

मी सांगितलं. शेंदूर काढला, डोळे काढले, आतून हा निघाला. फळीवर जे होतं ते सगळं वाचून दाखवलं. नीट वाचलंस ना, असं या वेळी तिनं विचारलं नाही. ती खाली बसली, फरशीवर, लुगडं सावरून.

"म्हंजे मी कोनाला बोलले?"

आजूबाजूला लोक फोटो काढत होते. मुलगा म्हणाला, "मोठी आई, असं काय करतेस, भावना महत्त्वाची." मी त्याला गप्प केलं. ऑफिसातलं बोलणं कामाचं नव्हतं. तिनं रडत, एकटीनं, रानातून वर येऊन कुणापुढे तरी पदर पसरला होता. कुणापुढे, हे तिला कळायला हवं होतं.

मी तिच्या शेजारी बसले. बसताना माझे गुडघे वाजले.

"याला बोललीस," मी म्हटलं. "इथे हाच होता."

"पुरुषाला? त्याला पोरांतलं काय कलतंय?"

"मेला तेव्हा त्यालाही आई असेल."

तिनं दगडाकडे पुन्हा बघितलं. या वेळी जास्त वेळ.

"केवढा असंल ग?"

"लिहिलेलं नाही."

"तोंड लहान दिसतंय."

ती उठली. ओटीचं सामान पिशवीतच ठेवलं, पुरुषाची ओटी भरत नाहीत. कठड्यातून हात आत घातला, पण तो दगडापर्यंत पोचेना. मग तिनं मुलाचं मनगट धरलं, त्याचा हात कठड्यातून आत नेला आणि त्या दगडाला टेकवला. हात लावू नये, असं लिहिलेलं होतं. मी त्या फळीसमोर उभी राहिले, दुसऱ्या कुणाला ते वाचून बोलायला नको म्हणून.

"बघ, आनला," ती दगडाला म्हणाली. "म्हातारा झाला, पन आनला."

मुलगा तोंड फिरवून उंबराकडे बघत होता. त्याचं मनगट तिनं बराच वेळ सोडलं नाही.

उतरताना आम्ही तिघंही गाडीत बसलो. जाऊ पदराला बांधलेलं टोकन बोटांनी चाचपत होती. मला कळत होतं, पोराचं झालं, पण कोंबडा राहिला होता. दगडाला शिवून आली तरी तिचं मन दवाखान्याच्या दाराशी पोचलेलं नव्हतं. मी मनात ठरवत होते, कोंबडा गेटबाहेर सोडू, तोही डोंगराचाच पायथा. पण बाहेर हायवेला जाणारा रस्ता होता, ट्रक जात होते. तिथे कोंबडा सोडणं म्हणजे मारणंच होतं.

केंद्रापाशी पोचलो तर आतून आरडाओरडा. पोरं काचेला नाक लावून उभी होती. आत गेलो. काउंटरवरची मुलगी खुर्चीवर चढून उभी. गार्ड हातात झाडू घेऊन. आणि टेबलावरच्या डोंगरावर आमचा कोंबडा.

सैल केलेली चिंधी त्यानं पाय झाडून सोडवली होती. तो लाल दिव्यापाशी जाऊन उभा होता असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण तो उभा होता पार्किंगच्या जागेवर, आणि तिथे त्यानं घाणही केली होती. गार्डनं झाडू पुढे केला तसा तो पंख झाडत वर चढला, चिकटवलेली दोन झाडं पाडली, टाकी तुडवली, आणि थेट वरच्या कातळावर जाऊन उभा राहिला. तिथून त्यानं बांग दिली. त्या खोलीत ती इतकी घुमली की सिनेमाच्या खोलीतले लोक बाहेर आले.

माझ्या शेजारी जाऊ उभी होती. तिचं तोंड उघडं होतं.

"सुटला," ती म्हणाली.

"हो."

"डोंगरावरच सुटला नाय ग?"

"मग काय माझ्या डोक्यावर सुटला?"

आणि ती हसायला लागली. पोटाला हात लावून, गाठ दुखत असणार तरी हसत. मीही हसले. मुलगा माफी मागत फिरत होता, मोडलेली झाडं उचलत होता, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून उभ्या.

गार्ड म्हणाला, "आजी, हसताय काय, पकडा ना त्याला."

जावेनं मान हलवली. सोडलेला कोंबडा घरच्यांनी परत हातात घ्यायचा नसतो, मग फेडलेलं सगळं वाया जातं. मी पुढे झाले तर तिनं मलाही मागे ओढलं, आणि मुलाला तर जागच्या जागी दरडावलं. शेवटी गार्डनंच टॉवेल टाकून त्याला धरला. आता तो तुझा, असं तिनं त्याला सांगितलं, फक्त कापायचा नाही. तो म्हणाला, कापत नाही आजी, घरी माझ्या कोंबड्या आहेत, आईला बरं वाटेल. बंदी होती ती डोंगरावर सोडायची, घरी न्यायची नव्हती. तोही खूश, आम्हीही खूश. मुलगी खुर्चीवरून उतरली. जावेनं पदराची गाठ सोडून टोकन तिच्यासमोर ठेवलं. मुलीनं सवयीनं विचारलं, सामान मिळालं का आजी? जाऊ म्हणाली, मिळालं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुलगा न सांगता चिंबोऱ्या घेऊन आला. मी रस्सा केला. तिला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी चव काहीतरी मोठी लागेल. तिनं नांगी फोडली, चोखली, आणि म्हणाली, "मीठ कमी हाय." मी म्हटलं, मीठ बरोबर आहे, तुझी जीभ गेली. दोन चिंबोऱ्या खाल्ल्या तिनं. अंगाला कुठेही खाज सुटली नाही.

मग ती दवाखान्यात गेली. हिरवे कपडे घातलेली, केस टोपीत घातलेले, दात काढून डबीत ठेवलेले. अशी ती मला पहिल्यांदाच म्हातारी दिसली. आत न्यायच्या आधी तिनं मला जवळ बोलावलं.

"माझ्यासाठी कायतरी बोललीस का तू?"

"मी मानत नाही, तुला माहीत आहे."

"तू नाय मानलंस म्हनून काय ते ऐकत नाय असं हाय का?"

"परत येणार आहेस तू. मुकाट्यानं जा."

तिला आत नेलं. दार बंद झालं. बाहेर बाकांवर आम्ही बसलो. मुलगा मोबाईल हातात धरून बसला होता, पण त्यात बघत नव्हता. बराच वेळ गेला. मी त्याला विचारलं, आंबिवली कोणत्या बाजूला येतं रे? त्यानं विचार केला आणि जिन्याच्या बाजूला बोट दाखवलं. मी बाकावर वळून त्या बाजूला तोंड करून बसले. समोर भिंत होती आणि भिंतीवर हात कसे धुवावेत त्याचं चित्र. तो म्हणाला, आई, काय करतेस? मी म्हटलं, बसले आहे, दिसत नाही का?

गाठ साधी निघाली. जाऊ घरी आली, सुपारी कातरते, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते. मी त्या भिंतीकडे तोंड करून काय बोलले ते तिला सांगितलेलं नाही आणि इथेही लिहीत नाही. दिवाळीनंतर मुलाला सुट्टी आहे. तेव्हा मी त्या डोंगरावर जाणार आहे.